पात्र आहे, पण कॉल नाही

नोकरीच्या जाहिरातीत अगदी शेवटी, बारीक टायपात एक ओळ असते : दिव्यांग उमेदवारांसाठी ४ टक्के पदे राखीव. कायद्यानं घालावी लागते म्हणून घातलेली. ती ओळ वाचून एखादी मुलगी अर्ज भरते. तिचं शिक्षण पुरेसं असतं, वय बसत असतं, प्रमाणपत्र हातात असतं. मग ती वाट पाहते. एक महिना जातो, तीन महिने जातात. एक दिवस कुणीतरी सांगतं, मुलाखती होऊन गेल्या, माणसं रुजूसुद्धा झाली. तिला कुणी 'नाही' म्हटलेलं नसतं. तिला बोलावलेलंच नसतं.

मैत्रिणींनो, यावेळचं संपादकीय या न आलेल्या कॉलविषयी आहे. आरक्षणाचे टक्के किती, यावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. अर्ज आणि नेमणूक यांच्या मधल्या वाटेवर काय घडतं, यावर क्वचितच. आणि अपंग बाई गळते ती नेमकी त्या वाटेवर.

एक खुलासा आधीच करते. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' असा शब्द आहे. अपंगांच्या चळवळीतल्या अनेकांनी या शब्दाला आक्षेप घेतला, कारण त्यांना दिव्यत्व नको होतं, हक्क हवे होते. म्हणून कायद्याचं किंवा कागदाचं नाव सांगताना सोडल्यास इथं 'अपंग' हाच शब्द वापरला आहे.

कायदा काय देतो ते आधी पाहू. १९९५ च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांमध्ये अपंगांसाठी ३ टक्के जागा राखल्या. त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३४ नं हे प्रमाण ४ टक्के केलं. अंध व अल्पदृष्टी १ टक्का, कर्णबधिर १ टक्का, आणि अस्थिव्यंग, मेंदूचा पक्षाघात, कुष्ठमुक्त, ॲसिडहल्ल्यात जखमी झालेल्या अशा सर्वांसाठी मिळून १ टक्का. उरलेला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचं प्रमाणपत्र लागतं. योग्य माणूस मिळाला नाही तर जागा पुढच्या वर्षी ओढायची, तेव्हाही नाही मिळाला तर अपंगांच्याच दुसऱ्या गटातून भरायची, आणि कुणीच नसेल तरच इतरांना द्यायची, हेही कायद्यात लिहिलेलं आहे.

एवढं पक्कं लिहिलेलं असूनही जागा भरल्या का जात नाहीत? १९९५ च्या कायद्याच्या काळात खात्यांचं ठरलेलं उत्तर होतं : 'हे पद अपंगांसाठी सुनिश्चित केलेलं नाही.' म्हणजे पदांची यादी आपणच करायची नाही, आणि यादी नाही म्हणून जागाही द्यायची नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या खटल्यात सांगितलं की आरक्षणाचा हिशेब संवर्गातल्या एकूण रिक्त पदांवर करायचा, केवळ सुनिश्चित पदांवर नाही. ही पळवाट बुजली, पण दुसरी उघडीच राहिली. ती म्हणजे फाइलीवरचा शेरा : 'योग्य उमेदवार उपलब्ध झाला नाही.'

उमेदवार उपलब्ध झाला नाही, की होऊ दिला नाही? हे ठरवायचं तर बाईच्या वाटेवरचा एकेक टप्पा पाहावा लागेल.

पहिला टप्पा घरातच असतो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसं नोंदली गेली, त्यात बायका १ कोटी १८ लाख. अपंग पुरुषांमध्ये साक्षर ६२ टक्के, बायकांमध्ये ४५ टक्के. काम करणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांत ४७ टक्के, बायकांत २३ टक्के. अपंगत्व दोघांचंही आहे, तरी बाईच्या वाट्याला निम्मं येतं. मुलगा अपंग असला तर घर म्हणतं, याला शिकवा, कुठंतरी चिकटवा, नाहीतर याचं होणार कसं? मुलगी असली की म्हणतं, हिला काय, दोन घास खाऊन घरात बसेल. पोटापाण्यासाठी तिनं काही करावं अशी अपेक्षाच नाही, तर नोकरीसाठी पैसा आणि वेळ कोण घालणार?

दुसरा टप्पा प्रमाणपत्राचा. त्यासाठी ठरलेल्या वारी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जायचं. एका खेपेत काम होईलच असं नाही. मुलाला वडील मोटरसायकलवर बसवून नेतात. मुलीबरोबर एका बाईमाणसाला जावं लागतं, त्या दोघींची मजुरी बुडते, एस. टी. चं भाडं दोघींचं. मग 'पुढच्या महिन्यात बघू' असं होतं, आणि त्यात अर्जाची मुदत निघून जाते.

तिसरा टप्पा छाननीचा. अर्जांच्या गठ्ठ्यातून कुणाला बोलावायचं हे बंद दाराआड ठरतं. 'फिरतीचं काम आहे, हिला जमायचं नाही.' 'आपल्याकडं जिने आहेत.' 'पालकांशी फोनवर बोलावं लागतं, आणि ही तर ऐकू न येणारी.' हे सगळं तिच्या वतीनं दुसरेच ठरवतात. तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की ती तीनचाकी चालवते, किंवा फोनऐवजी मेसेजवर काम करते. पण विचारण्यासाठी आधी बोलवावं लागतं!

चौथा टप्पा बोलावण्याचा. आमच्या कामात भेटलेल्या एका कर्णबधिर मुलीला मुलाखतीचा कॉल आला होता, पण तो फोनवर. फोन घरातल्या भावाकडं. त्यानं परस्पर सांगून टाकलं, 'लांब आहे, ती यायची नाही.' तिला हे कळलं तेव्हा जागा भरली होती. अर्जात तिनं आपण ऐकू शकत नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. ज्यांनी ते वाचलं त्यांनीच फोन लावला. भावाला वाईट माणूस म्हणता येणार नाही, त्याला काळजी वाटली. पण बाईच्या नावानं आलेला निरोप पुरुषानं घ्यायचा आणि तिच्या वतीनं उत्तरही द्यायचं, ही रीत आपल्या चांगली ओळखीची आहे.

पाचवा टप्पा प्रत्यक्ष मुलाखतीचा. पोलिओमुळं कुबड्या घेऊन चालणारी, बी. एड. झालेली एक मुलगी मुलाखतीला गेली. ठिकाण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शिपाई म्हणाला, बसा, वर सांगतो. ती दुपारपर्यंत खाली बसून राहिली. नंतर यादी लागली, तिच्या नावापुढं 'गैरहजर'. जी वर पोचते तिला वेगळेच प्रश्न येतात. सोबत कोण आलंय? लग्न झालंय का? स्वयंपाक कोण करतं? एकटी राहशील कशी? इतर उमेदवारांना 'तुम्ही' म्हणणारी समिती तिला 'अगं बाळ' म्हणते, कौतुक करते, चहा देते. निवड मात्र करत नाही. विषयाचे प्रश्न तिला विचारलेच जात नाहीत, त्यामुळं गुण द्यायला जागाच राहत नाही. आणि शेरा तयार होतो : योग्य उमेदवार उपलब्ध झाला नाही.

केंद्र सरकारनं जानेवारी २०१६ पासून खालच्या दोन गटांतल्या बहुतेक पदांसाठी मुलाखती बंद केल्या. चांगलं झालं. पण कंत्राटी पदं, खासगी शाळा, दवाखाने, कंपन्या आणि स्वयंसेवी संस्था इथं मुलाखत हेच दार आहे. बाई जास्तीत जास्त अर्ज करते तेही इथंच.

आणि निवड झाली तरी सहावा टप्पा उरतोच, वैद्यकीय तपासणीचा आणि नेमणुकीचा. इरा सिंघल यांनी २०१० ची नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण केली, त्यांना महसूल सेवा मिळाली. पण त्यांना ढकलता, ओढता, उचलता येत नाही, असं कारण दाखवून नेमणूक नाकारली. करवसुली अधिकाऱ्यानं काय उचलायचं असतं? त्या न्यायाधिकरणात गेल्या, २०१४ मध्ये जिंकल्या, आणि २०१४ च्याच परीक्षेत देशात पहिल्या आल्या. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. २०१५ च्या परीक्षेत त्या यशस्वी झाल्या. रेल्वेच्या लेखा सेवेत नाव लागलं, आणि पूर्ण अंधत्वाचं कारण सांगून तिथं त्यांना नाकारलं गेलं. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला, प्रशासकीय सेवेत गेल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाल्या.

या दोघींचं कौतुक वर्तमानपत्रांनी पुष्कळ केलं. 'जिद्द', 'अपंगत्वावर मात' असे मथळे आले. आपण जरा वेगळा विचार करायला हवा. मात अपंगत्वावर करावी लागली की खात्यावर? आणि दुसऱ्यांदा परीक्षा देणं, खटला लढवणं जिला परवडत नाही तिचं काय? देशात पहिली येण्याइतकी हुशार असल्याशिवाय अपंग बाईला हक्काची नोकरी मिळणार नसेल, तर त्या हक्काला हक्क म्हणता येत नाही. साध्या पदासाठी साधी पात्र असलेली बाई साधेपणानं निवडली गेली पाहिजे.

मध्य प्रदेशात तर न्यायिक सेवेच्या नियमातच अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांना दार बंद होतं. एका अंध उमेदवाराच्या आईनं २०२४ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयानं त्या पत्राचीच याचिका करून घेतली, आणि ३ मार्च २०२५ ला तो नियम रद्द ठरवला. निव्वळ अपंगत्वाच्या कारणानं कुणाला न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही, असं स्पष्ट केलं. संघटना नाही, वकिलांची फौज नाही, एका आईचं पत्र. पण जे नियमात लिहिलेलं असतं ते रद्द करता येतं. छाननीच्या टेबलावर जे कुठंच लिहिलं जात नाही ते रद्द कसं करायचं? आपल्यापुढचा खरा प्रश्न हा आहे.

यात स्त्रियांच्या बाजूनं एक मोठी फट आहे. महाराष्ट्रात १९९४ च्या महिला धोरणानं सरकारी नोकऱ्यांत बायकांना ३० टक्के जागा दिल्या. १९९५ मध्ये अपंगांचा कायदा झाला. दोन्ही आपल्या डोळ्यांदेखत, लागोपाठ झाले. पण बायकांच्या ३० टक्क्यांत अपंग किती आणि अपंगांच्या ४ टक्क्यांत बायका किती, हे विचारायची सोय कुठंच केलेली नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम ४ सांगतं की अपंग स्त्रियांना इतरांच्या बरोबरीनं हक्क मिळतील असे उपाय सरकारनं करावेत. कलम ३७ मध्ये जमीन, घरं आणि गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के वाटा ठेवताना अपंग स्त्रियांना अग्रक्रम दिला आहे. नोकरीच्या कलम ३४ मध्ये मात्र स्त्रीचा उल्लेखही नाही. योजनेची लाभार्थी म्हणून बाई दिसते, कामगार म्हणून दिसत नाही. चारही टक्के पुरुषांनी भरले तरी कायदा पाळला असंच म्हटलं जाईल.

मुलाखतीची हमी द्यावी, ही कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये १९४४ च्या कायद्यानं २० किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांवर ३ टक्के अपंगांना कामावर घेण्याची सक्ती होती. १९९५ मध्ये, आपण ३ टक्के आणत होतो त्याच वर्षी, तिथल्या नव्या कायद्यानं ती काढून टाकली. त्याआधीच १९९० च्या सुमारास तिथं 'टू टिक्स' नावाचं चिन्ह सुरू झालं होतं. ते लावणाऱ्या मालकानं पाच वचनं द्यायची. त्यातलं एक असं की पदाच्या किमान अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येक अपंग उमेदवाराला मुलाखतीला बोलवायचं. नोकरीची हमी नाही, पण समोर बसण्याची हमी. कल्पना चांगली. पण २०१४ मध्ये होक, बेकन आणि पार या तीन अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चिन्ह लावलेल्या जागांपैकी केवळ १५ टक्के ठिकाणी पाचही वचनं पाळली जात होती, आणि १८ टक्के ठिकाणी एकही नाही. चिन्ह मात्र सर्वांच्या कागदावर होतं. पुढं त्या योजनेची जागा 'डिसॅबिलिटी कॉन्फिडंट' या योजनेनं घेतली. तीही मालकांच्या मर्जीवरच चालते.

यातून आपण काय घ्यायचं? ब्रिटननं सक्ती सोडली आणि वचन धरलं. आपल्याकडं सक्ती आहे, पण बोलावण्याचं वचन नाही. बाईला दोन्ही लागतात. शिवाय ते पाळलं जातंय का हे पाहणारं कुणीतरी लागतं, नाहीतर वचनाचंही चिन्हच होतं.

म्हणून आपल्या मागण्या या असाव्यात :

एक, राखीव जागेसाठी किमान अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येक अपंग उमेदवाराला पुढच्या टप्प्याला बोलावलं पाहिजे. न बोलावल्यास कारण तिला लेखी कळवलं पाहिजे.

दोन, बोलावणं तिच्या हाती पडेल अशा रीतीनं जावं. मुलाखतीची जागा तळमजल्यावर असावी. काय सोय लागेल हे आधी विचारावं : खुणांच्या भाषेचा दुभाषी, लेखनिक, सोबतीचं भाडं, वापरता येईल असं स्वच्छतागृह.

तीन, लग्न, घरकाम आणि सोबत याविषयीचे प्रश्न मुलाखतीत बंद व्हावेत. समितीत अपंगत्वाची जाण असलेली एक तरी व्यक्ती असावी.

चार, प्रत्येक भरतीचे सहा आकडे जाहीर व्हावेत : अर्ज किती, पात्र किती, बोलावल्या किती, हजर किती, निवडल्या किती, रुजू किती. आणि प्रत्येक आकड्यात बायका किती. हे आकडे नसतील तर 'योग्य उमेदवार उपलब्ध झाला नाही' हा शेरा कुणी मान्य करू नये.

या मागण्यांसाठी कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. कलम २० नं सरकारी आस्थापनांना नोकरीत भेदभाव करायला मनाई केली आहे आणि वाजवी सोयी देणं बंधनकारक केलं आहे. कलम २१ नं प्रत्येक आस्थापनेला, खासगी असली तरी, समान संधी धोरण जाहीर करायला सांगितलं आहे. २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर निवड कशी करणार आणि अपंगांसाठी कोणती पदं आहेत हेही त्यात लिहावं लागतं. कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी हवा, आणि त्यानं तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत करायची आहे. त्यानं ऐकलं नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे, राज्य आयुक्त आहेत. आयुक्तांची शिफारस मान्य नसेल तर तीन महिन्यांत कारण कळवावं लागतं. आणि माहितीचा अधिकार तर आपल्या हातातलाच आहे. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर.

शेवटचं आपल्या घरातलं. स्त्री-संघटना आणि स्वयंसेवी संस्थाही माणसं नेमतात. 'दुचाकी चालवता येणं आवश्यक' अशी अट त्यांच्याही जाहिरातींत असते. कार्यालय जिना चढून गेल्यावर असतं, आणि शिबिरांच्या जागाही तशाच. सरकारकडं मागणी करायला निघण्याआधी ती आपल्या दारावर लावून पाहणं सोपं आहे. पुढच्या जाहिरातीत एवढंच लिहा : किमान अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येक अपंग बाईला आम्ही मुलाखतीला बोलावू. आणि बोलवा. नोकरी तिला द्यायची की नाही हे तिच्याशी बोलून, इतरांना लावता तोच निकष लावून ठरवा. पैसा फारसा लागत नाही, पत्ता बदलून एक दिवस तळमजल्यावर बसावं लागतं.

बाई कायद्यापुढं समान आहे, हे आपण अनेक वर्षं सांगत आलो. पण तिचा अर्ज ज्या टेबलावर बाजूला ठेवला जातो तिथपर्यंत आपण अजून पोचायचं आहे. तर या तिमाहीत प्रत्येक गटानं एक काम करावं. आपल्या तालुक्यातल्या एका कार्यालयाला, मग ते नगरपालिकेचं असो, पंचायत समितीचं असो की सहकारी बँकेचं, शेवटच्या भरतीचे वरचे सहा आकडे विचारावेत. सरकारी कार्यालयाला माहिती अधिकारात, इतरांना साध्या पत्रानं. आणि अर्ज लिहायला गटातली नाही तर गावातली एक अपंग मैत्रीण बरोबर घ्यावी, सही तिची असावी. आलेली उत्तरं, आणि न आलेली उत्तरंही, आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ती तालुक्यांच्या नावांसह छापू.